डाव्या स्पीकरच्या जरा मागे

इस्पितळात सगळे त्याला धरासोडा म्हणत. एक्स-रे काढायचं काम. दिवसभर काचेआड उभं राहायचं आणि पलीकडे फळीला छाती टेकून उभ्या असलेल्या माणसाला सांगायचं, "श्वास घ्या. धरा. सोडा." वर्षानुवर्षं तेच शब्द, त्याच पट्टीत. एका नर्सबाईंनी थट्टेत नाव पाडलं आणि ते चिकटलं. त्याला त्याचा राग नव्हता. आपल्या सांगण्यावर अनोळखी माणसं श्वास रोखतात आणि आपण म्हटल्याशिवाय सोडत नाहीत, याचं त्याला मनातून अप्रूपच होतं. एरवी गडी कमालीचा अबोल. घरी बायकोचं अख्खं पुराण संपलं की याच्या तोंडून एक "हं" निघायचं, आणि तेही नशीब असेल तर.

स्वतः बोलायचा कंटाळा, पण दुसऱ्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून हा माणूस काय वाटेल ते करायचा. अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधलेला, स्पीकरची खोकी स्वतः कापलेली. त्यातलं एक खोकं किंचित तिरकं झालं होतं, आणि धूळ पुसताना बायको दर वेळी त्यावर मान तिरकी करून बोट ठेवायची. बाहेरच्या खोलीत समोरच्या भिंतीला ते दोन स्पीकर, मध्ये सोफा, आणि सोफ्याच्या मागे खिडकीखाली याचं टेबल. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, भिंग, वायरींचा गुंता. त्या गुंत्याला घरात कुणी हात लावायचा नाही, असा अलिखित नियम.

हात त्याचे असले तरी कान मात्र बायकोचे. ती विमा कंपनीत होती, दिवसभर लोकांचे दावे तपासायची. रेझिस्टर आणि बडीशेप शेजारी ठेवली तर तिने रेझिस्टर तोंडात टाकला असता, इतकं तिचं या विषयातलं ज्ञान. पण ती टेबलाकडे पाठ करून सोफ्यावर बसायची, हा मागे काहीतरी बदलायचा आणि विचारायचा, "अ की ब?" ती एका दमात सांगायची. "अ" म्हणजे आधीचं; ती "अ" म्हणाली की हा महिनाभराची मेहनत वाद न घालता उपटून टाकायचा. मुलगी याला आईचं कोर्ट म्हणायची. ती एका आर्किटेक्टकडे नोकरीला होती आणि शनिवार-रविवारीच घरी सापडायची.

त्या सुमारास त्याने एक यूएसबी बोर्ड मागवला. काडेपेटीएवढी हिरवी पाटी. लॅपटॉपमधून गाणं आकड्यांच्या रूपात येतं, ते आकडे ठेक्यात मोजून पुढच्या सर्किटला द्यायचे आणि त्याने त्यांचा आवाज करायचा. म्हटलं तर या बोर्डाचं काम हमालाचं. पण हमाल अडखळला की सामान सांडतं, तसा बोर्डाचा ठेका चुकला की गाण्यात टक् असा आवाज येतो. याचा बोर्ड सारखा अडखळत होता. गायिकेने सूर लावावा आणि ऐन मोक्याला टक्.

त्याने शोध सुरू केला. एका वेळी एकच बदल, हा त्याचा नियम. आधी केबल बदलली, लांब काढून आखूड लावली. मग लॅपटॉपचं दुसरं भोक. मग चार्जर काढून बॅटरीवर. मग सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांचा साठा वाढवला. मग फ्रिज बंद करून पाहिला, त्यात दूध नासलं आणि जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घ्यावं लागलं. प्रत्येक बदलानंतर बायको सोफ्यावर पाठमोरी बसायची आणि टक् झालं की बोट वर करायची. बोट काही खाली राहीना.

शेवटी त्याने ठरवलं की खोट लॅपटॉपकडून येणाऱ्या विजेतच आहे, बोर्डाला वेगळी, स्वच्छ वीज द्यायची. रविवारची दुपार होती. अंगातली स्थिर वीज चिपला झटका देऊ नये म्हणून मनगटाला एक पट्टा बांधतात आणि त्याची वायर भिंतीतल्या अर्थिंगला जोडतात. वायर तिथवर पुरेना. उठून लांब वायर आणण्याऐवजी त्याने पट्ट्याचा चिमटा बोर्डाच्याच ग्राउंडला अडकवला. आळस, दुसरं काय. वर बोर्ड चालूच ठेवला, टक् कधी थांबतं ते कळावं म्हणून. चालू बोर्डावर सोल्डर करू नये, हे त्याने स्वतः किती जणांना बजावलं असेल. काम करताना तो नेहमीसारखा गुणगुणत होता. कुठल्याच गाण्यातली नसलेली एक चाल, तीन पायऱ्या चढून परत उतरणारी. काम संपलं तेव्हा मनगटावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता आणि टक् पूर्ण थांबलं होतं.

संध्याकाळी चहा घेऊन बायको सोफ्यावर बसली. गाणं लागलं. बोट खालीच राहिलं. याच्या जिवात जीव आला.

"छान," गाणं संपल्यावर ती म्हणाली. "मोकळं वाटतंय एकदम. फक्त तुम्ही गुणगुणू नका."

"मी कुठे गुणगुणतोय?"

"मग मी का?" ती हसली आणि कप घेऊन आत गेली.

त्याने ते सोडून दिलं. माणूस नकळत गुणगुणतोही. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या वेळी ती बोलता बोलता थांबली. तिने मान वळवून मागे टेबलाकडे पाहिलं, मग पुढे स्पीकरकडे.

"अहो, तुम्ही मागे आहात ना?"

"मग कुठे असणार?"

"आवाज पुढून येतोय. डाव्या स्पीकरच्या जरा मागे. ती गाते ना, तिच्या पाठीमागे उभं राहून कुणीतरी गुणगुणतंय. तुमचीच ती चाल, चढणारी-उतरणारी."

त्याने कान टवकारले. गायिका होती, तंबोरा होता, तबल्याची चाट होती. आणखी काही नव्हतं. तिला चेष्टेची लहर आली असेल म्हणून तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि तोंडात पाण्याचा मोठा घोट भरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. ती खो-खो हसली. मग हसता हसता तिचं हसू ओसरलं.

"अजून येतंय," ती म्हणाली.

शनिवारी मुलगी आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बॅग टाकली, चप्पल काढली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, गाण्याच्या वर रेकॉर्डिंग केलंय का तुम्ही तुमचं? बेसूर येतंय हं."

आता मात्र त्याला आपल्याच कानांची शंका आली. पन्नाशी उलटली की वरचे सूर आधी जातात, हे त्याला माहीत होतं. आवाजावर जीव टाकणाऱ्या माणसाचे कान जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. इस्पितळातल्या कान तपासणाऱ्या बाईंकडे तो जाऊन बसला. बंद खोलीत हेडफोन लावून शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. बाईंनी कागद पाहिला आणि भुवया वर केल्या.

"कान तर तिशीतल्या माणसासारखे आहेत."

"मग मला ऐकू का येत नाही?" त्याने विचारलं.

बाई कागदच बघत होत्या. त्याने पुन्हा विचारलं. मग त्यांनी मान वर केली. "काही म्हणालात का? जरा मोठ्याने बोला हो. घसा बसलाय तुमचा."

घसा बसला नव्हता. स्वतःचा आवाज त्याला चांगला खणखणीत ऐकू येत होता.

न दिसणारं चित्रात आणणं हा त्याचा धंदाच. कानाला सापडत नाही ते डोळ्याने पकडू म्हणून त्याने बोर्डातून निघणारा आवाज दुसऱ्या यंत्रात उतरवून घेतला आणि पडद्यावर त्याची रेघ काढली. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत रेघ सपाट हवी. तशी ती नव्हती. बारीक लाट होती, तीन पायऱ्या चढणारी आणि परत उतरणारी. त्याने तेवढाच तुकडा मोठा करून वाजवला. त्याला निव्वळ शांतता ऐकू आली, त्याच्या छंदातली माणसं जिच्यासाठी आयुष्य घालवतात तशी, काळीभोर, स्वच्छ. आतून बायको म्हणाली, "किती वेळ तेच तेच गुणगुणताय?"

लाट डोळ्यांसमोर होती आणि कानात काही नव्हतं. छातीच्या फिल्मवर सावली दिसावी आणि माणूस ठणठणीत असावा, तसं काहीसं. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसला.

त्याच आठवड्यात इस्पितळात एक आजोबा आले. खोकला होता. त्यांना फळीशी उभं करून तो काचेआड गेला. "श्वास घ्या." त्यांनी घेतला. "धरा." धरला. फोटो निघाला. "सोडा."

आजोबा तसेच उभे.

"सोडा, आजोबा."

त्यांचे खांदे थरथरू लागले. मान लाल झाली. तो पुन्हा म्हणाला, मग ओरडला. ओरडलेलं त्याच्या स्वतःच्या कानात घुमलं. आजोबांच्या पायातली ताकद गेली, तेव्हा तो धावत आत शिरला आणि त्यांना धरलं. त्यांनी भस्सकन श्वास सोडला आणि त्याच्या हाताला लटकले.

"अहो, सोडा म्हणायचं की," ते धापा टाकत म्हणाले. "मी कधीचा वाट बघतोय."

नर्सबाईंनी बाहेर हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. धरासोडाचा नुसता धरा झाला म्हणे. सगळे हसले. त्यालाही हसावं लागलं. त्यानंतर तो काचेआडून हाताने खुणा करू लागला.

आता त्याने आपल्या मित्राला बोलावलं. मित्र दातांचा डॉक्टर. याच नादाचा. दिवसा लोकांच्या दाढांत चांदी भरायची आणि सुट्टीच्या दिवशी सर्किटांत. रविवारी सकाळी डॉक्टर स्वतःचा, तसलाच बोर्ड खिशात घालून हजर झाला. आल्या आल्या त्याने गाणं ऐकलं आणि डोळा मारला.

"माईक कुठे लपवलास?"

"नाही लपवला."

"काय?"

"माईक नाहीये," तो ओरडला.

डॉक्टरने भिंग डोळ्याला लावून बोर्ड उलटासुलटा पाहिला. लॅपटॉपवर पाहिलं. बोर्डाला आवाज आत घ्यायची सोयच नव्हती. फक्त बाहेर द्यायचा. त्याने डोकं खाजवलं आणि विचारलं, हे वीज वेगळी करताना नक्की काय काय केलंस. धरासोडाने खरं ते सांगितलं. पट्ट्याचं ऐकून डॉक्टरने च् च् केलं.

"बोर्डाच्या ग्राउंडला? शहाण्या, मग स्थिर वीज जाणार कुठे? तुझ्यातून बोर्डात आणि बोर्डातून तुझ्यात. नशीब चिप उडाली नाही." मग तो म्हणाला, "चल, माझा लावून बघू. एका वेळी एकच बदल."

डॉक्टरने बोर्ड बदलला. तेच गाणं लावलं. बायको सोफ्यावर कान देऊन बसली.

"नाही," ती म्हणाली. "आता नाहीये. फक्त गाणं आहे."

धरासोडाला इतकं हायसं वाटलं की तो सोफ्याला वळसा घालून तिच्यासमोर आला. "सुटलो," तो म्हणाला.

ती त्याच्या खांद्यावरून डॉक्टरकडे बघत होती. "हे कुठे गेले?" तिने विचारलं. "आत्ता तर इथे होते. साखर आणायला पाठवलंत की काय?"

डॉक्टरने हाताने त्याच्याकडे दाखवलं. दाखवताना हात जरा चुकला, वीतभर बाजूला गेला. "हा काय," तो म्हणाला, आणि मग त्याचाही चेहरा गोंधळला. चष्मा काढून त्याने पुसला.

डॉक्टरने मुकाट्याने आपला बोर्ड उपटला आणि जुना लावला. हिरवा दिवा लागला.

"हं, आलात का," बायको म्हणाली, अगदी सहज. डाव्या स्पीकरकडे बघून.

चहा न घेताच डॉक्टर निघाला. दारात थांबून, खोलीच्या त्या टोकाला हात करून म्हणाला, "येतो रे. फोन करतो." धरासोडा त्याच्या शेजारीच, दाराची कडी धरून उभा होता.

फोन आला तो बायकोने घेतला. बोलली, हसली आणि लाऊडस्पीकर लावून मोबाइल टेबलावर नाही तर स्पीकरच्या खोक्यावर ठेवून दिला. "डॉक्टर आहेत," ती म्हणाली. "बोला."

मग ते सुरूच झालं. गुणगुणणं मागे पडून तिथून बोलणं यायला लागलं होतं. काय बोलतं ते याला कळायचं नाही, कारण याला फक्त शांतता ऐकू यायची. पण बायकोची बाजू ऐकू यायची. ती भाजी निवडत बसलेली असायची आणि म्हणायची, "हो ना, मलाही तसंच वाटलं." मग थांबायची. मग हसायची. "इश्श, काहीतरीच. या वयात?" मग परत थांबायची, बराच वेळ, मान कलती करून. एकदा तिचे डोळे भरून आले. "तुम्ही हे मला कधीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

तो सोफ्याच्या हातावर बसून होता. तिकडून काय सांगितलं गेलं होतं? इतक्या वर्षांत न सांगितलेलं असं काय होतं? मनात खूप काही होतं, पण ते त्याने स्वतःशीही कधी शब्दात मांडलं नव्हतं. त्याला त्या आवाजाचा राग आला. असूया वाटली. आपल्याच आवाजाची असूया वाटावी, हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. सांगणार तरी कसं, हाही प्रश्नच होता.

"मी बोलतोय," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "तो मी नाही. मी इथे आहे."

तिने कानाशी आलेली बट मागे सारली.

इस्पितळात त्याच्या जागेवर एक नवी मुलगी बसू लागली. कुणी त्याला काढलं नव्हतं. एके दिवशी तो गेला तेव्हा ती तिथे होती आणि मोठे डॉक्टर दारातून विचारत होते, "धरासोडाचा काही निरोप?" तो त्यांच्या दोघांच्या मधे उभा राहिला. हात हलवले. मोठ्या डॉक्टरांनी जरा डोळे बारीक केले, उन्हात बघावं तसे, आणि निघून गेले. मुलगी काचेआडून म्हणाली, "श्वास घ्या. धरा. सोडा." आतल्या बाईंनी सोडला.

चालत घरी येताना त्याने शांत डोक्याने विचार करायचा प्रयत्न केला. तेवढं त्याला जमायचं. बोर्ड बदलला तेव्हा तो घरातूनच पुसला गेला होता, हे खरं. पण तो बदल घटकाभराचा होता. वीज तोडली तरी कपॅसिटरमध्ये भरलेली वीज लगेच जात नाही. ती हळूहळू उतरते, आणि ती पुरती उतरेपर्यंत सर्किटात हात घालायचा नसतो. हे त्याच्यासारख्या माणसाला सांगायला नको. तसंच असेल. बोर्ड काढून नुसता ठेवायचा. धीर धरायचा. जे काही त्यात साठलंय ते उतरून जाईल आणि जिथलं तिथे परत येईल.

उलटा प्रयोगही त्याने आधी करून पाहिला. मनगटाला पट्टा बांधला, चिमटा होता तिथेच लावला आणि सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन ती चाल गुणगुणला. बायकोने वर न बघता स्पीकरला म्हटलं, "तेच का परत? दुसरं काही येत नाही का तुम्हाला?" पट्टा काढला तर मनगटावर वळ उठलेला नव्हता.

सुट्टीचा दिवस. लख्ख सकाळ. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं, बोर्डावरच्या हिरव्या दिव्याला उजेडात रंगच नव्हता. बायको आंघोळीला गेली होती. नळाचा आवाज येत होता.

त्याने केबल धरली आणि ओढून काढली.

दिवा विझला. दुसरं काहीच झालं नाही. गाणं लावलेलंच नव्हतं, त्यामुळे थांबायलाही काही नव्हतं. त्याने मनगटाकडे पाहिलं. स्वतःचा श्वास ऐकला. तो छान ऐकू येत होता.

नळ बंद झाला.

ती बाहेर आली, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. "अहो," ती म्हणाली, "आज बाहेर जायचं का कुठे?"

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "जाऊ," तो म्हणाला. "तू म्हणशील तिथे जाऊ."

ती थांबली. डोकं जरा कलतं केलं.

"अहो?"

"मी इथे आहे."

"अहो, ऐकलंत का?"

त्याने तिचा हात धरला. पाण्याने गार झालेला हात. तिने तो उचलून कपाळावरचं पाणी पुसलं, कुणी धरलेलाच नसावा इतक्या अलगद.

ती स्वयंपाकघरात डोकावली. आतल्या खोलीत जाऊन आली. बाल्कनीचं दार उघडून बघितलं. "कुठे गेले असे न सांगता," ती पुटपुटली. तिचा आवाज आता चिरका झाला होता. घाबरली की तिचा आवाज तसा होतो, हे त्याला माहीत होतं. तो तिच्या मागे मागे फिरत होता आणि सांगत होता. सगळं सांगत होता. इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता ते, एकापाठोपाठ एक, मिळेल त्या शब्दात. आत्ता ते सगळं सापडत होतं.

जरा वेळ जाऊ दे, तो स्वतःला म्हणाला. उतरेल ते.

ती परत बाहेरच्या खोलीत आली आणि तिची नजर टेबलावर गेली.

"अगंबाई," ती म्हणाली. "हे निघालंय होय."

"नको," तो म्हणाला. "लावू नकोस."

ज्या गुंत्याला तिने कधी हात लावला नव्हता, त्यातून तिने नेमकी केबल उचलली. उलटसुलट न करता, सवयीच्या हाताने, बरोबर बाजूने बसवली.

हिरवा दिवा लागला.

ती सोफ्यावर बसली. छातीवर हात ठेवून तिने श्वास सोडला.

"हं," ती म्हणाली. "बोला आता."

ती ऐकू लागली. तो सोफा आणि स्पीकर यांच्या मधे उभा होता, तिच्याकडे तोंड करून. त्याच्या पाठीमागे, डावीकडे, शांतता होती.

तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मग ते थांबलं. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. तिने कपाळाला आठी घातली आणि खोलीभर नजर फिरवली. खिडकी, टेबल, दार. नजर त्याच्यावरूनही गेली, कुठेही न अडखळता.

"नाही हो," ती स्पीकरकडे वळून म्हणाली. "इथे दुसरं कुणी नाहीये. मी एकटीच आहे."